कॅमेऱ्याबाहेर राहिलेला डावा हात

पत्र: मी बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२०च्या बॅचची. पहिलं वर्ष बहुतेक मोबाइलवरच झालं, लालबागला चाळीतल्या एका खोलीत, घरातली पाच माणसं आजूबाजूला. बेड मेकिंगपासून इंजेक्शनपर्यंत सगळं मॅडमनी डमीवर करून दाखवलं, आम्ही स्क्रीनवर पाहिलं. पुढे पोस्टिंग मिळालं, पास झाले, रजिस्ट्रेशनही झालं. आता परळच्या एका हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला आहे. सलाईन लावायची म्हटली की हात थरथरतो. दोनदा चुकलं की सीनियर सिस्टरना हाक मारते. त्या येतात, एका झटक्यात लावतात आणि जाताना म्हणतात, ‘ऑनलाइन बॅच ना!’ त्यात कॉलेजने जुन्या विद्यार्थ्यांना फॉर्म पाठवलाय : महामारीतल्या ऑनलाइन शिक्षणाबद्दल मत लिहा, पुढे काही तास ऑनलाइन ठेवायचे आहेत. मैत्रिणी म्हणतात, ‘चांगलं होतं’ लिहून मोकळी हो. माझं राहिलेलं आता भरून निघेल का? आणि फॉर्मात काय लिहू? तुम्ही मोठ्या आहात, मला अगं-तूगंच करा.
— एक स्टाफ नर्स, परळ

प्रिय मुली,

दोनदा चुकल्यावर तू हाक मारतेस, ते अगदी बरोबर करतेस. एका पेशंटला एका नर्सने दोनपेक्षा जास्त वेळा टोचू नये, मग दुसऱ्या हाताकडे द्यावं, हा सलाईन लावण्यातला मान्य नियम आहे. तिसऱ्यांदा टोचणारी नर्स धीट ठरत नाही. ती पेशंटची एक शीर विनाकारण खर्ची घालते. तेव्हा ते टोमणे ऐकून हाक मारणं थांबवू नकोस.

आता तुझं नेमकं काय राहिलं, ते बघू. २५ मार्च २०२०ला देशभर टाळेबंदी लागली आणि नर्सिंग, फिजिओ, डेंटल, एमबीबीएस, सगळ्यांचेच वर्ग मोबाइलवर आले. लोकल त्याआधीच थांबली होती. १ फेब्रुवारी २०२१ला ती सगळ्यांसाठी उघडली, तीही ठराविक वेळांतच. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. १५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना पास मिळू लागले. तुझ्या पहिल्या वर्षाचा मोठा तुकडा या उघड-मिटीत गेला आणि लॅबमधल्या डमी कपाटातच राहिल्या. त्या काळात जगभर आरोग्यशाखांच्या मुलामुलींची मतं विचारली गेली, आणि सूर बहुतेक सगळीकडे सारखाच निघाला : थिअरी जमली, हाताचं काम जमलं नाही, नेटवर्कने छळलं. तुझ्या पत्रातही हेच आहे. मुलांचं हे निरीक्षण खरं होतं. ते कुणी कुरकुर म्हणून बाजूला सारू नये.

पण हाताचं काम म्हणजे नक्की काय राहिलं? सलाईन लावण्याचा कुठलाही व्हिडिओ आठवून बघ. कॅमेरा सुईवर असतो. उजवा हात दिसतो, रक्त आलेलं दिसतं, टेप लावलेली दिसते. डावा हात एकतर चौकटीबाहेर असतो, नाहीतर ‘त्वचा ताणून धरा’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेला असतो. आणि अर्ध्याहून अधिक कसब त्याच हातात आहे. शीर कुठे आहे ते डाव्या हाताची बोटं शोधतात आणि तिला जागेवर डावा अंगठा धरून ठेवतो. टूर्निकेट (दंडाला आवळून बांधायचा पट्टा) सुटल्यावर रक्त बाहेर येऊ नये म्हणून शिरेवर दाब देणारं बोटही डाव्याच हाताचं. तुला उजव्या हाताचं शिक्षण मिळालं, डाव्याचं राहिलं. हात थरथरण्याचं कारण भित्रेपणात शोधू नकोस. उजवा हात अशा शिरेवर चालून जातो जिला डाव्याने धरलेलंच नाही.

म्हणून आता तेवढंच काम पुन्हा शिकायचं. घरी, सुईशिवाय. घरातल्या तयार असलेल्या माणसाच्या दंडावर टूर्निकेट बांध, जिथे टोचायचं त्याच्या चार-पाच बोटं वर. मग डोळे मिट आणि तर्जनीच्या टोकाने कोपरापासून मनगटापर्यंत चाचपत जा. शीर दाबली की उसळून वर येते. स्नायूचा दोर कडक लागतो, उसळत नाही. धमनी ठोके देते, तिथे जायचंच नाही. मिनिटभरात टूर्निकेट सोड. वेळ लागत असेल तर सोडून, थांबून पुन्हा बांध. आजोबांचा हात, जाड माणसाचा हात, काळ्या कातडीचा हात, सगळे बघ. डोळ्यांना दिसणारी निळी रेघ फसवते, बोटांना लागणारी शीर सहसा फसवत नाही. आठवडाभरात दहा-बारा हात चाचपून झाले की वॉर्डात तुझी बोटं आपोआप आधी जागा शोधायला लागतील. बहिणीला किंवा मैत्रिणीला घरी सुई टोचून सराव करू नकोस. सुईचा सराव कॉलेजच्या स्किल लॅबमधल्या रबरी हातावर, नाहीतर वॉर्डात कुणी शेजारी उभं असताना.

वॉर्डात क्रम असा ठेव. ट्रे आधी पूर्ण लावून घे, कारण शीर सापडल्यावर टेप शोधायला वळलीस की डावा अंगठा सुटतो आणि सगळं पहिल्यापासून. पलंग उंच कर किंवा स्टूल घेऊन बस. वाकून लावताना हात थरथरतोच, त्यात भीतीचा संबंध नाही. पेशंट ज्या हाताने जेवतो तो शक्यतो टाळ. सांध्याची घडी टाळ, डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर) असलेला हात आणि स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाजू टाळ. मेडिसिन वॉर्डात बहुतेकांना २० नंबरचा गुलाबी किंवा २२ नंबरचा निळा कॅन्युला (सुईवर चढवलेली, शिरेत राहणारी प्लास्टिकची नळी) पुरतो. म्हाताऱ्या, कागदासारख्या शिरेला २२. नंबर लहान तशी नळी जाड; जाड नळी बसली तर बरं, या विचाराने १८चा हिरवा घुसवायला जाऊन कित्येक शिरा फुटतात.

स्पिरिटने ३० सेकंद घासून पूस आणि ते आपोआप वाळू दे. फुंकर मारायची नाही, पुन्हा बोटाने चाचपायचं नाही. ओल्या स्पिरिटातून सुई गेली तर पेशंटला झोंबतं, तो हात आखडतो आणि शीर सरकते. तुझे काही प्रयत्न एवढ्यावरच फसले असतील.

मग डाव्या अंगठ्याने, टोचायच्या जागेच्या दोन-तीन बोटं खाली, त्वचा बोटांच्या दिशेने ताण. म्हाताऱ्या माणसाची शीर या ताणाशिवाय सुईपुढे पळते. सुईचं तिरकं तोंड वर, कोन १० ते ३० अंशांचा. शीर वरवर असेल तर कोन कमी. मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं की जी चूक नवी मुलं सर्वांत जास्त करतात ती इथे होते : रक्त दिसलं, म्हणजे पोचलो, असं समजून लगेच कॅन्युला पुढे सरकवतात. सुईचं टोक प्लास्टिकच्या नळीपेक्षा जरा पुढे असतं. रक्त दिसलं तेव्हा फक्त सुई शिरेत असते, नळीचं तोंड अजून भिंतीबाहेर असतं. म्हणून रक्त दिसताच कोन खाली आण, जवळजवळ त्वचेला समांतर, आणि तसंच २ ते ३ मिलिमीटर पुढे जा. त्यानंतर सुई स्थिर धरून नळी सरकव. कोन खाली न आणता पुढे गेलीस तर पलीकडची भिंत फुटते आणि जागा निळी होऊन फुगते. पुढे न जाता नळी ढकललीस तर नळी दुमडते, किंवा सलाईन सुरू केल्यावर जागा सुजते. तुझ्या चुका या दोनपैकी कुठल्या आहेत ते एकदा कळलं की अर्धं काम झालं.

नळी आत गेली की आधी टूर्निकेट सोड, मग नळीच्या टोकाच्या वर शिरेवर डाव्या हाताचं बोट दाब आणि तेव्हाच सुई काढ. सुई थेट पांढऱ्या पंक्चर-प्रूफ डब्यात. काढलेली सुई पुन्हा त्याच नळीत कधीही घालू नकोस. नळी आतून कापली जाऊ शकते आणि तुकडा शिरेत जातो. नॉर्मल सलाईनने फ्लश करून वरच्या बाजूला सूज येते का ते बघ. पारदर्शक ड्रेसिंग लाव आणि त्यावर तारीख-वेळ लिही. शीर फुटली तर दोन-तीन मिनिटं दाबून धर, चोळू नकोस. पुढचा प्रयत्न त्याच शिरेवर खाली नको, दुसऱ्या हाताला किंवा वरच्या जागी.

सीनियर सिस्टरना ‘मला शिकवा’ म्हणालीस तर गर्दीच्या वॉर्डात त्यांच्याकडे वेळ नसेल. त्याऐवजी म्हण : ‘सिस्टर, मी लावते, तुम्ही फक्त माझा डावा हात बघा.’ एवढ्या छोट्या मागणीला सहसा कुणी नाही म्हणत नाही. मॉर्निंग ड्यूटीला माग. नाइटला माणसं कमी असतात आणि थकलेल्या माणसाकडून निरीक्षण होत नाही. पहिले दहा प्रयत्न कुणीतरी बघत असताना कर. एका छोट्या वहीत तारीख, कुठली शीर, कितीचा कॅन्युला, कितव्या प्रयत्नात, काय चुकलं, एवढंच लिही. पेशंटचं नाव किंवा केस नंबर लिहू नकोस. पंधरा-वीस नोंदी झाल्या की चुकांचा साचा दिसू लागतो, आणि तो बघून इन्चार्ज सिस्टरही तुझ्याशी वेगळ्या भाषेत बोलतील. बॅचचं नाव घेण्याऐवजी ‘तुझा कोन जास्त आहे’ असं म्हणतील.

सलाईन तुला खुपते म्हणून तू तिच्याबद्दल लिहिलंस. पण स्क्रीनवर शिकलेल्यांचं एक जास्त धोक्याचं काम आहे, कारण ते चुकलं तरी कुणी ओरडत नाही : बीपी. सलाईन सुजली तर दिसते. बीपी चुकीचं लिहिलं तर चार्टवर सुबक दिसतं आणि त्यावर औषधाचा डोस ठरतो. तू घेतलेल्या बीपीच्या शेवटच्या वीस नोंदी चाळून बघ. बहुतेक आकडे शून्यावर किंवा पाचावर संपत असतील तर तू मोजत नाहीयेस, अंदाज करतेयस. पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला किंवा पडलेला हवा. पायावर पाय नको, पाठीला टेकू हवा, हात हृदयाच्या पातळीला आधारावर. कफ कपड्यावर नको आणि त्याची खालची कडा कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. कफमधल्या रबरी पिशवीने दंडाचा साधारण ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं जास्त येतं, हात खाली लोंबत असेल तरीही तसंच. आधी मनगटाची नाडी चाचपत फुगव, नाडी गेली तो आकडा लक्षात ठेव, पूर्ण सोडून थोडं थांब, मग स्टेथोस्कोप लावून त्याच्यावर ३० मिलिमीटरपर्यंत फुगव आणि सेकंदाला साधारण २ मिलिमीटरच्या वेगाने सोड. व्हिडिओत हे सोडणं भराभर दाखवतात, कारण खऱ्या वेगात ते कंटाळवाणं दिसतं. वेगाने सोडलं की वरचा आकडा खाली लागतो आणि खालचा वर.

छातीचे आवाज हीसुद्धा त्या काळाची एक फसगत आहे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्जातले आवाज नीट येतच नाहीत, आणि हृदयाचे बरेचसे आवाज खर्जातलेच असतात. ‘मला ते ऐकूच आलं नाही, मी ढ आहे’ असं अनेक मुलांना वाटलं. आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. कान झाकणारे चांगले हेडफोन लावून तीच रेकॉर्डिंग पुन्हा ऐक, मग दुपारी वॉर्ड शांत असताना, विचारून, एका पेशंटची छाती ऐक.

आता दुसरी बाजू, कारण फॉर्म लिहिताना ती लागेल. ऑनलाइनने काही गोष्टी खरोखर बऱ्या केल्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना इंग्रजी लेक्चर थांबवून, मागे नेऊन, शब्द बघून ऐकता आलं. वर्गात ज्यांच्या तोंडून प्रश्न फुटत नव्हता त्यांनी चॅटमध्ये विचारला. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांचे रोजचे चार तास वाचले. फार्माकॉलॉजी आणि डोसची गणितं पडद्यावर छान शिकवता येतात. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायची, सेट २० थेंबांचा (म्हणजे १ मिलीला २० थेंब) : ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. हे दहा वेळा रेकॉर्डिंग बघून सोडवता येतं. सेट किती थेंबांचा आहे ते पाकिटावर बघायचं, हे मात्र पाकीट हातात घेतल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

तेव्हा फॉर्मात ‘चांगलं होतं’ लिहू नकोस आणि ‘वाईट होतं’ही लिहू नकोस. दोन्हींतून कॉलेजला काहीच करता येणार नाही. ‘समाधानी आहात का, १ ते ५’ असा प्रश्न असेल तर आकडा दे, पण खालची रिकामी जागा भर. तू तेव्हा कितव्या वर्षाला होतीस ते आधी लिही, कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. ३ मे २०२१ला केंद्र सरकारने पदवी आणि जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या नर्सेसना कोविड ड्यूटीला घेण्याचा निर्णय जाहीर केला. नुकत्याच पास झालेल्या तुझ्या सीनियर पीपीई घालून वॉर्डात गेल्या, आणि तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुली खोलीत बसून राहिलात. दोघींनाही ‘ऑनलाइन शिक्षण कसं वाटलं’ विचारलं तर दोन वेगळ्या गोष्टींची उत्तरं येणार. मग किती माणसांच्या खोलीत शिकलीस, मोबाइल तुझा एकटीचा होता की भावाच्या शाळेलाही तोच होता, रोजचा दीड जीबी डेटा किती वाजता संपायचा, हे लिही. तासभराच्या व्हिडिओ वर्गाला सहज अर्धा ते एक जीबी लागतो. दिवसाला चार तास ठेवणाऱ्या वेळापत्रकाने हा हिशेब केलाच नव्हता. शिक्षकांनाही कुणी डेटा दिला नव्हता, हेही खरं.

त्यानंतर एकेक कौशल्य घेऊन चार ओळी. नमुना देते : ‘सलाईन लावणे. शिकवणं : थेट प्रात्यक्षिक, समोरून एकच कॅमेरा, ४० मिनिटांनी मीटिंग तुटली. राहिलं : शीर चाचपणं, त्वचा ताणणं, कोन बदलणं. हे दिसलंच नाही आणि करून बघता आलं नाही. पहिला प्रयत्न : थेट पेशंटवर. हवं ते : दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग आधी, दोन्ही हात वरून दिसतील असं, मग सहा-आठ जणींच्या गटाने लॅबमध्ये प्रत्येकीने स्वतः करून दाखवणं.’ असंच बीपी, कॅथेटर (लघवीची नळी), बेड मेकिंग यांचं. बेड मेकिंगबद्दल प्रामाणिकपणे लिही की ते घरीही जमलं असतं. चादरीचा कोपरा घालतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढून शिक्षकांना पाठवता येतो, हात धुण्याचाही (साबणाने ४० ते ६० सेकंद, सगळ्या पायऱ्या दिसल्या पाहिजेत). परीक्षेबद्दलही एक ओळ हवी : व्हिडिओवरच्या तोंडी परीक्षेत ‘पायऱ्या सांग’ विचारून प्रॅक्टिकलचे मार्क देऊ नयेत. पायऱ्या तुला तेव्हाही पाठ होत्या.

मैत्रिणींचे फॉर्म वेगळे जाऊ देत. सगळ्यांनी मिळून एकच मजकूर पाठवलात तर तो एकाच मुलीचं मत म्हणून वाचला जाईल.

फॉर्मच्या आधी मात्र एक काम उरकून टाक, पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून काळजी वाटते. हेपेटायटिस बी-ची लस साधारणपणे पोस्टिंग सुरू होताना दिली जाते : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ज्यांचं पोस्टिंग पुढे ढकललं गेलं त्यांच्यातल्या काहींचा तिसरा डोस राहून गेलेला असू शकतो, आणि कुणी विचारत नाही. तुझं कार्ड काढून बघ. डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, उरलेला घ्यायचा. तो झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करून घे, रिपोर्टवरचा आकडा १० किंवा वर हवा. आणि सराव करताना सुई स्वतःला टोचलीच तर जखम पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची, त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरना सांगायचं आणि कॅज्युअल्टीत नोंद करायची. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक गोळी लागणार असेल तर ती पहिल्या दोन तासांत मिळालेली उत्तम, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. ड्यूटी संपल्यावर सांगू, असं करू नकोस.